उदाचा आवाज नेमका कुठे असतो?

ऊद म्हटलं की आपल्याला आधी धूर आठवतो. दर्ग्यात निखाऱ्यावर टाकतात तो ऊद, उदबत्तीच्या नावातला ऊद, आणि आखातातून सुट्टीवर आलेली मंडळी अत्तराच्या कुपीत घेऊन येतात तोही ऊद. मूळ अरबी शब्दाचा अर्थ अगदी साधा आहे: लाकूड. सुवासिक लाकडालाही ऊद म्हणतात, आणि बगदादपासून कैरोपर्यंत ज्या वाद्यावर संगीताचं शिक्षण सुरू होतं त्या तंतुवाद्यालाही ऊदच म्हणतात. वाद्य अत्तराच्या लाकडाचं नसतं. मस्कतला होतो तेव्हा घरून हा प्रश्न इतक्यांनी विचारला, की तो आधीच बाजूला करतो.

2022 साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत उदाची नोंद केली. इराण आणि सीरिया या दोन देशांच्या नावे ती झाली, आणि तिचं शीर्षक आहे ‘ऊद घडवणं आणि वाजवणं’. घडवणं आधी, वाजवणं मागून. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आपल्याकडेही थोडा वेळ वाजवणाऱ्यांवरून घडवणाऱ्यांकडे नजर वळली होती. पण घडवण्यात असं काय असतं? लाकूड कापायचं, चिकटवायचं, तारा लावायच्या. मग एका उदाचा आवाज मनात घर करतो आणि दुसरा डब्यासारखा का वाजतो?

हा प्रश्न मला महागात पडला होता. मस्कतच्या एका दुकानातून मी पहिला ऊद घेतला तो शिंपल्याचं जडावकाम बघून. दिसायला देखणा, हातात घेतला तर चांगला वजनदार. वजन म्हणजे मजबुती, असा माझा समज. पहिल्याच दिवशी शिक्षकांनी तो दोन मिनिटं वाजवला, काही न बोलता बाजूला ठेवला आणि स्वतःचा ऊद माझ्या हातात दिला. तो इतका हलका होता की माझा हात नकळत वर गेला.

आधी वाद्याची ओळख

उभ्या चिरलेल्या पेरूचा अर्धा भाग डोळ्यांपुढे आणा. मागची बाजू गोल, पुढची सपाट. या सपाट लाकडी फळीला आपण सतार-तंबोऱ्यासारखंच तबली म्हणू. मागचा गोल भाग म्हणजे पाठ. तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर भागातल्या शेतात वाढतो, उदाची पाठ मात्र जोडावी लागते: साधारण 15 ते 25 लाकडी पट्ट्या वाफेने किंवा तापलेल्या नळीवर वाकवून, कडेला कड चिकटवून. प्रत्येक पट्टी जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाड.

दांडी आखूड, तिच्यावर सतारीसारखे पडदे नाहीत. खुंट्यांचा भाग एकदम मागे मोडलेला, बघणाऱ्याला तुटल्यासारखा वाटावा असा. तारा बहुधा 11: पाच जोड्या आणि खर्जाची एक एकटी तार. तारा तबलीवर जिथे टेकतात किंवा बांधतात ती घोडी. परिभाषा एवढीच, यापुढे याच शब्दांनी काम भागेल.

हेच वाद्य अरबांबरोबर स्पेनमध्ये गेलं आणि ‘अल-ऊद’चं युरोपात ‘ल्यूट’ झालं.

तार एकटी मुकी असते

रात्री फोन कंपनावर ठेवून गादीवर टाकला तर कळतही नाही. तोच स्टीलच्या ताटात ठेवला तर घर जागं होतं. फोन तोच, थरथर तीच. फरक एवढाच, की ताटाचा पत्रा मोठा आणि पातळ असल्याने भरपूर हवा ढकलतो. तारेचंही तसंच आहे. तार बारीक असते, ती हवा कापत जाते, हलवत नाही. तिची थरथर घोडीतून तबलीत उतरते आणि आपल्या कानावर येतो तो बहुतांशी तबलीचा आवाज.

आता अडचण इथे आहे. तार छेडताना हाताने दिलेली ताकद ठरावीक असते. तबली ती ताकद भराभर हवेत सोडत असेल तर आवाज मोठा येतो, पण लवकर विरतो. हळूहळू सोडत असेल तर स्वर लांबतो, पण लहान राहतो. समईची वात वर काढली की उजेड वाढतो आणि तेल लवकर संपतं, तसंच हे. ऊद मोठ्या वातीचा दिवा आहे. त्याचा स्वर भरदार येतो आणि पटकन ओसरतो. म्हणून उदवादक एकाच स्वरावर झरझर आघात करत तो जागता ठेवतात. घडवणाऱ्याला ठरवावं लागतं ते हेच, की या दिव्याची वात किती वर काढायची.

नाण्याएवढी जाड तबली

तबलीसाठी स्प्रूस हे लाकूड वापरतात, कधी सीडर. स्प्रूस म्हणजे थंड डोंगरात वाढणारं, देवदाराच्या जातकुळीतलं सूचिपर्णी झाड. अरबस्तानात ते उगवत नाही, फळ्या युरोपच्या डोंगराळ जंगलांतून येतात. एवढ्या लांबून आणायचं कारण, वजनाच्या मानाने इतकं ताठ लाकूड क्वचित मिळतं. वाद्याला हलकेपणा हवा म्हणजे तबली सहज थरथरेल, आणि ताठपणा हवा म्हणजे तारांच्या ओढीने ती आत बसणार नाही. प्रत्येक तार साधारण तीन-चार किलोच्या ताणाने ओढत असते. अकरा तारा धरल्या तर सहावी-सातवीतलं एक मूल त्या फळीला कायमचं लटकून आहे, असं समजा.

आणि त्या फळीची जाडी? दीड ते दोन मिलिमीटर. रुपयाच्या नाण्याच्या आसपास.

जाडीचा एक नियम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. फळीची जाडी निम्मी केली तर वजन निम्मं होतं, पण ताठपणा निम्मा होत नाही, तो थेट एक अष्टमांशावर येतो. ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. म्हणून कारागीर शेवटच्या टप्प्यावर आला की रंध्याचा एकेक हात जपून मारतो. दोन मिलिमीटरवरून एक दशमांश मिलिमीटर काढलं, म्हणजे जाडी पाचच टक्क्यांनी घटली, तरी ताठपणा 14 टक्क्यांनी उतरतो.

शिवाय एकाच झाडाच्या दोन फळ्या सारख्या नसतात. म्हणून मोजमाप असूनही कारागीर फळी कानाजवळ धरून टिचकी मारतो. आपण कुंभाराकडे माठ घेताना वाजवून घेतो ना, तसंच. माठात तडा आहे का एवढंच आपण ऐकतो. तो ऐकतो, अजून किती रंधायचं राहिलं ते.

पोटातल्या पट्ट्या

या विषयात मला सगळ्यात जास्त ओढ आहे ती कुणाला न दिसणाऱ्या गोष्टीची. एवढी पातळ तबली एकटी टिकणार नाही. तिच्या आतल्या बाजूला आडव्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात, सहा-सात किंवा थोड्या जास्त, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. पत्र्याच्या छपराखाली वासे असतात तशा. पत्रा कुठे वाकेल आणि कुठे वाकणार नाही हे वाशांवर ठरतं. तबली कुठे थरथरेल आणि कुठे गप्प राहील हे या पट्ट्यांवर ठरतं.

घनाचा नियम इथेही लागू होतो, पण इथे तो पट्टीच्या उंचीला लागतो. 12 मिलिमीटर उंचीची पट्टी तासून 10.8 केली, तर बाहेरून कुणाला फरक दिसणार नाही, पण तिचा ताठपणा 27 टक्क्यांनी कमी झालेला असतो. घोडीच्या अगदी जवळ पट्टी आली तर स्वर आवळतो, उंच स्वर टोकदार होतात. दूर गेली तर खर्ज मोकळा होतो, मात्र त्याबरोबर तबली घोडीपाशी दबण्याची भीती वाढते. पट्टीची टोकं कडेपर्यंत जाड ठेवली तर तबलीच्या कडा जखडतात, निमुळती केली तर सैल होतात. दोन उद बाहेरून जुळ्या भावांसारखे दिसतात आणि वाजताना अनोळखी वाटतात, त्याचं गुपित बहुतेकदा इथे असतं.

इस्तंबूलमध्ये राहणारा ग्रीक कारागीर मनोल (1845–1915) आणि दमास्कसचं नहात घराणं यांचे ऊद आजही अभ्यासले जातात. दुरुस्तीला आलेल्या जुन्या उदाच्या तबलीवरच्या भोकातून छोटा आरसा आणि दिवा आत सोडून कारागीर पट्ट्या बघतात, त्यांची अंतरं टिपून घेतात. तरी हुबेहूब नक्कल हुबेहूब वाजत नाही. मनोलने ती मापं त्याच्या समोरच्या फळीसाठी काढली होती. नवी फळी थोडी जड किंवा थोडी लवचीक असेल तर मापंही बदलायला हवीत. आजीच्या वहीतल्या पुरणाच्या प्रमाणाचंही असंच होतं. डाळ बदलली की पाणी बदलतं, आणि ते वहीत लिहिलेलं नसतं.

घोडी: बांधलेली आणि टेकलेली

पारंपरिक उदात घोडी तबलीवर चिकटवलेली असते आणि तारा तिलाच बांधतात. तारा घोडीला पुढे ओढतात, ती तबलीला पिळ देते. घोडीच्या एका बाजूला तबली दबते, दुसऱ्या बाजूला उचलली जाते. आवाज गोल, उबदार, जवळचा वाटतो.

दुसरा प्रकार मराठी वाचकाला तंबोऱ्यामुळे ठाऊक आहे. तंबोऱ्यात तारा घोडीवरून नुसत्या जातात आणि पुढे बुंध्याला अडकवलेल्या असतात. घोडी तारांच्या दाबानेच जागेवर राहते. बगदादचे कारागीर मोहम्मद फादिल आणि थोर वादक मुनीर बशीर (1930–1997) यांनी विसाव्या शतकात ही रीत उदात रुजवली. यात तारांची ओढ पाठीच्या टोकावर जाते आणि तबलीवर मुख्यतः खाली दाब येतो. तार जास्त ताणता येते, स्वर चढवता येतो. स्वर बांधीव, स्पष्ट आणि थोडा लांब टिकणारा येतो. मुनीर बशीर यांनी उदाला गायकाच्या साथीतून बाहेर काढून एकट्याच्या मैफिलीत बसवलं. तिथे प्रत्येक स्वर मागच्या रांगेपर्यंत सुटा पोचायला हवा होता, आणि ही घोडी त्या गरजेला पुरी पडली.

आपल्या तंबोऱ्याशी तुलना इथेच थांबते. तंबोऱ्याची घोडी रुंद, किंचित उतरती असते, तिच्यावर तार घासत जाते आणि जवारी उमटते. उदाला जवारी नको असते. तिथे झंकार ऐकू आला तर दुरुस्तीची वेळ झाली समजतात.

आतली हवा आणि तबलीची भोकं

रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की घुमणारा एक स्वर येतो. उदाच्या पोटातल्या हवेचाही असा एक खोल स्वर असतो. खर्जाच्या तारांना बळ देतो तो हाच. पोट मोठं, तर स्वर खाली. भोक मोठं, तर स्वर वर.

म्हणून भोकावरची जाळी नुसती शोभेची राहत नाही. तिला ‘शम्सा’ म्हणतात, म्हणजे सूर्य. लाकडात किंवा हाडात कोरलेली ही नक्षी भोकाचा काही भाग झाकते, त्यामुळे हवेचा स्वर थोडा खाली उतरतो. कित्येक इराकी उदांवर जाळीच नसते, उघडी लंबगोल भोकं असतात. फरक फार मोठा नाही, पण जाणत्या कानाला कळतो.

पोटाच्या आकाराचा विचार फार जुना आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदी या तत्त्वज्ञाने उदाची मापं लिहून ठेवली: लांबी 36 बोटं, रुंदी 15, खोली साडेसात. खोली रुंदीच्या बरोबर निम्मी, म्हणजे आडवा छेद घेतला तर अर्धवर्तुळ. आणि त्याचा आग्रह होता, की पाठ जितकी पातळ करता येईल तितकी करावी आणि सगळीकडे सारखी पातळ असावी. अकराशे वर्षांपूर्वीचं हे वाचताना मला माझा वजनदार ऊद आठवला.

तुर्की आणि अरबी आवाज

तुर्की उदात घोडीपासून खुंट्यांकडच्या टोकापर्यंत तारेची वाजती लांबी साधारण 58.5 सेंटिमीटर असते, अरबी उदात 61 च्या पुढे. अडीच-तीन सेंटिमीटरचा प्रश्न, पण तुर्की ऊद स्वरही सुमारे एक पूर्ण स्वराने वर लावतात. पोट लहान, तार आखूड. त्याने आवाज चमकदार आणि चपळ होतो. अरबी ऊद खोल, संथ, पुरुषाच्या बोलण्याच्या आवाजाजवळ जाणारा. दोन्हींत श्रेष्ठ कोण हा वाद मी कधी घालत नाही. माझं मन अरबी उदाकडे जातं, पण ते मस्कतमध्ये कान तयार झाले म्हणून.

पडदे नसल्याने बोट दोन स्वरांच्या मधल्या कुठल्याही जागी थांबू शकतं. अरबी मकामातले, म्हणजे आपल्या रागांसारख्या स्वरचौकटींतले, आपल्या कोमल-शुद्धच्या मध्ये पडणारे स्वर त्यामुळेच निघतात. तार छेडायच्या नखीबद्दलही दोन शब्द सांगतो. अरबीत तिला ‘रीशा’ म्हणतात, म्हणजे पीस. बगदादहून स्पेनमधल्या कोर्दोव्याला गेलेल्या झिर्याब या संगीतकाराने नवव्या शतकात लाकडी नखीऐवजी गरुडाचं पीस आणलं असं परंपरा सांगते. आज रीशा बहुधा प्लॅस्टिकची किंवा शिंगाची असते. तुर्कीत तिला ‘मिझराप’ म्हणतात. आपल्या सतारियाच्या बोटातली मिजराब तीच.

पण महाग लाकडाने आवाज सुधारतोच ना?

हा आक्षेप प्रत्येक दुकानात ऐकू येतो. पाठ अक्रोडाची, शिसवीची की मेपलची यावर किमती ठरतात. सह्याद्रीतली आपली काळी शिसवी उदाच्या पाठीसाठी फार मानाची. मग लाकडाची जात काहीच करत नाही का?

तबलीच्या बाबतीत करते. पाठीच्या बाबतीत फार थोडं करते. 1862 मध्ये स्पेनच्या आंतोनिओ दे तोरेस या गिटार घडवणाऱ्याने हेच दाखवायला पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या केल्या, फक्त तबली चांगल्या लाकडाची ठेवली. गिटार वाजली, नावाजलीही गेली. 2018 मध्ये इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी सहा गिटार तपासल्या. सगळं सारखं, पाठ-बाजूंचं लाकूड तेवढं वेगवेगळं. 52 वादकांना त्या जवळजवळ काळोखात, लाकूड दिसणार नाही अशा रीतीने वाजवायला दिल्या. महाग आणि स्वस्त लाकडाच्या गुणांत फारसा फरक पडला नाही.

गिटार म्हणजे ऊद नाही, हे खरं. पण उदाची पाठ गोल असल्याने अंड्याच्या कवचासारखी मुळातच ताठ असते, म्हणून तिथे जातीचा प्रभाव आणखी कमीच असावा असं मला वाटतं. महत्त्वाचं आहे ते पाठीचं वजन आणि जोडांची सफाई. शिसवीच्या बाबतीत दुसरीही बाजू आहे. 2017 पासून शिसवीच्या सगळ्या कुळावर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले. 2019 मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली, लाकडावरचे निर्बंध राहिले. आवाजात मोठा फरक पडत नसेल तर ही झाडं उभी राहू देणं बरं.

मग जुने ऊदच गोड का वाजतात?

लाकूड म्हातारं होताना त्यातले काही घटक हळूहळू विघटित होतात. ते किंचित हलकं होतं, हवेतला ओलावाही कमी धरतं. इतकं मान्य. पण जुन्या उदांत आज आपल्या कानावर येतात ते निवडून उरलेले. नहात घराण्याच्या काळात बेताचे ऊदही शेकड्याने बनले असणार. ते मोडले, कुणी दुरुस्त केले नाहीत. ज्यांवर जीव जडला तेच शंभर वर्षं जपले गेले.

आपल्या हवेत ऊद टिकेल का?

टिकेल, पण काळजी घ्यावी लागते. लाकूड ओलाव्याने रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. तबलीचे रेषे उभे, आतल्या पट्ट्या आडव्या. पुण्या-मुंबईच्या पावसाळ्यात तबली रुंद व्हायला बघते, पट्ट्या तिला होऊ देत नाहीत, मग ती वर फुगते आणि तारा बोटांपासून दूर जातात. याच्या उलट मस्कतच्या वातानुकूलित खोलीत ती सुकून आक्रसते, पट्ट्या तेव्हाही हटत नाहीत आणि तबलीला चीर जाते. हवेतली आर्द्रता 45 ते 55 टक्के राहील अशी जागा चांगली. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, आणि वाद्य बरेच दिवस वाजवणार नसाल तर तारा एक-दोन स्वर उतरवाव्यात.

चांगले कारागीर तबली सरसानेच चिकटवतात. जनावरांच्या कातड्यापासून केलेला हा जुना सरस उष्णतेने आणि ओलाव्याने सुटतो, म्हणून पन्नास वर्षांनी कुणाला तबली उघडायची असली तर ती न मोडता उघडते. वर चपड्या लाखेचं पातळ पॉलिश, कधी तबलीवर काहीच नाही. जाड चकचकीत लाकर तबलीच्या अंगावर ओल्या घोंगडीसारखं पडून राहतं.

माझ्या त्या पहिल्या उदात सरस नव्हता, पांढरा डिंक होता. मस्कतमधल्या एका इराकी कारागिराने तापवलेलं पातं हळूहळू सरकवत दोन दिवसांत तबली सोडवली. जाडी तीन मिलिमीटर निघाली. पट्ट्या खिडकीच्या चौकटीच्या वाटाव्यात इतक्या भरभक्कम. तो तबली रंधत गेला, थांबून टिचकी मारत गेला, पुन्हा रंधत गेला. काम संपल्यावर मी सगळे छिलके एका पिशवीत गोळा करून त्याच्या काट्यावर ठेवले. पट्ट्यांचे धरून साठ-सत्तर ग्रॅम भरले, दोन अंड्यांहून कमी.

शिक्षकांच्या उदाची सर त्याला आजही नाही. पाठ जड ती जडच राहिली. पण आता खर्जाची तार छेडली की पोटाशी धरलेली पाठ छातीला हलकेच थरथरते. तबली जाड होती तोवर ही थरथर मला एकदाही जाणवली नव्हती. छिलक्यांची ती पिशवी अजून उदाच्या पेटीत आहे.